कमळ मॅडमच्या पोरी

कमळ ढमाले मला पहिल्यापासून आवडत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण तिच्याविषयी आमच्या भागात जो तो चांगलंच बोलतो आणि ते ऐकून माझे कान किटले आहेत. घोटावड्याजवळच्या एका कॉलेजात ती मुलींना बास्केटबॉल शिकवते. माझी आरोही तिच्या संघात खेळते. आरोही माझी आहे, हे हल्ली मला स्वतःलाच सांगावं लागतं.

मी कमळला पंचवीस वर्षं ओळखते. ती मला ओळखत नाही. पुण्यात मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना ती त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला आली. मुळशीतून, सकाळच्या पहिल्या एसटीनं. सलवारीच्या आत हाफ पँट घालून यायची. कोर्टाच्या कडेला उभी राहून सलवार उतरवायची, तिची नीट घडी घालून पिशवीत ठेवायची आणि खेळायला लागायची. आम्ही चौघीपाचजणी लायब्ररीच्या व्हरांड्यातून बघायचो आणि तोंडावर ओढणी धरून हसायचो. चेंडू तिच्या हातात गेला की मात्र हसणं बंद व्हायचं. तशी ती उंच नव्हती. पण गुडघ्यांत वाकून, हात पसरून ती समोर उभी राहिली की समोरच्या मुलीला रस्ताच सापडायचा नाही.

ते उभं राहणं तिनं तालमीच्या दारातून उचललं होतं. तिचे वडील नथू आण्णा गावच्या तालमीचे वस्ताद. आत मुलींना बंदी. कमळ दुधाचा तांब्या घेऊन दारात उभी राहायची आणि आण्णांचं दूध पिऊन होईपर्यंत जेवढी कुस्ती दिसेल तेवढी बघून घ्यायची. पुढे तिच्या सामन्यांना हे आण्णा तालमीतले पैलवान घेऊन यायला लागले. बास्केटबॉलमधलं त्यांना काही कळत नसे. कडेला उभे राहून ते ओरडायचे, "पट काढ कमळे, पट काढ!" पट काढायचा म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला आडवा करायचा. पंचांनी एकदा त्या सगळ्यांना बाहेर घालवलं, तेव्हा मध्यंतरात ही त्यांच्यामागे गेली, गेटावर सगळ्यांना चहा पाजला आणि परत येऊन खेळायला लागली. सगळं कॉलेज हसलं, आणि सगळ्या कॉलेजात तिचं नाव झालं.

मीसुद्धा एकदा संघात नाव द्यायचं ठरवलं होतं. घरी आई म्हणाली, "चष्मा फुटेल." विषय संपला.

मग माझं लग्न झालं आणि मी सूसला आले, म्हणजे ती ज्या तालुक्यातून एसटीनं यायची त्याच तालुक्यात. सासरची जमीन होती, तिच्यातली बरीच आता सोसायट्यांखाली गेली आहे. उरलेल्या जागेत आमचा बंगला आणि भाड्यानं दिलेल्या खोल्या. कमळचं काय चाललंय ते उडत उडत कानावर यायचं. तिचा गुडघा गेला. तिनं बी.पी.एड. केलं. घोटावड्याच्या पुढे तिला दिली, नवरा सुनील हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवतो. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी हे सगळं मला माहीत असायचं.

आरोहीला बारावीला चांगले गुण होते. पुण्यातलं कुठलंही कॉलेज मिळालं असतं. तिनं निवडलं हे. का, तर "तिथे कमळ मॅडम आहेत." माझ्या आईवडिलांच्या घरापासून दहा मिनिटांवरचं कॉलेज सोडून माझी मुलगी उलट्या दिशेला निघाली.

मग घरात एकेक गोष्ट बदलायला लागली. लहानपणापासून मी तिला हरभरे भिजवून द्यायचे, वाटी तशीच परत यायची. मॅडमनी सांगितल्यावर ती स्वतःच भिजवायला लागली. केसांना तेल तिनं माझ्याकडून कधी सुखानं लावून घेतलं नाही. मॅडमना घट्ट वेणी लागते म्हटल्यावर वाटीभर तेल एका आठवड्यात संपलं. "मॅडम म्हणतात" असं म्हटल्याशिवाय तिचं वाक्यच सुरू होईना.

"मॅडम म्हणतात, जेवताना मोबाइल नको."

"हे मी पाच वर्षं सांगतेय."

"तू ओरडून सांगतेस, आई."

"आणि त्या?"

"त्या पण ओरडतात," ती म्हणाली, आणि हसली. मला बघून ती अशी कधी हसल्याचं मला आठवेना.

यंदाच्या हंगामाची सुरुवातच वाईट झाली, आणि ती कमळमुळे झाली. हे मी रागानं म्हणत नाही, ती स्वतःही तेच म्हणते. सामने सुरू व्हायच्या आधी तिनं पोरींना तालमीसारखं तयार करायला घेतलं. पहाटे घोटावड्याच्या खिंडीत पळायचं, आणि मग कॉलेजच्या कोर्टावर जोर, बैठका, उड्या. तिसऱ्या आठवड्यात दोघींच्या नडग्या दुखायला लागल्या. एकीच्या हाडाला बारीक तडा निघाला. प्रिया नावाच्या मुलीचं बोट निखळलं. संघातल्या निम्म्या पोरी लंगडत वर्गात जायला लागल्या तेव्हा पालकांनी प्राचार्यांकडे तक्रार केली. मीही सही केली, सगळ्यांच्या आधी.

कमळनं आम्हां पालकांना कँटीनमध्ये बोलावलं आणि उभं राहून सांगितलं, "चूक माझी हाय. तालमीतला व्यायाम मातीत करायचा असतो. मी तो सिमिटावर दिला. इतक्या वर्षांत मला कळाया पायजे होतं."

झालं. तक्रार करायला आलेले पालक तिच्या मोठेपणाचं कौतुक करत घरी गेले. घरी भाजी करपली म्हणून मी चूक कबूल केली तर कुणी माझं कौतुक करतं का, हे मला त्या दिवशी विचारावंसं वाटत होतं. विचारणार कुणाला?

त्यानंतर तिनं खेळच बदलला. धडधाकट पोरी थोड्या उरल्या होत्या, म्हणून धावपळीचा खेळ बंद केला. दम राखून, सावकाश, हातातून हातात चेंडू देत पुढे जायचं. अशा खेळात सगळा भार एकीवर येतो, चेंडू पुढे घेऊन जाणारीवर. कुणाला कधी द्यायचा, कधी थांबायचं, ते तिनं ठरवायचं. ती आरोही होती. पहिले दोन सामने त्यांनी असेच जिंकले. सगळ्या कोर्टाचे डोळे माझ्या मुलीच्या हाताकडे असायचे, आणि त्या दिवसांत कमळचा मला अजिबात त्रास झाला नाही.

तिसऱ्या सामन्यात आरोही बास्केटखाली उडी मारून उतरली ती दुसऱ्या मुलीच्या पावलावर. घोटा आत वळला. तो आवाज मला वर बाकावर ऐकू आला, असं मी सगळ्यांना सांगते. ऐकू आला नसेलही. मी खाली धावले. मी पोचले तेव्हा कमळ तिच्याजवळ गुडघ्यावर बसलेली होती आणि आरोहीनं तिचा टी-शर्ट मुठीत घट्ट धरला होता. मी दुसरा हात धरला. तो तिनं सोडवून घेतला, वेणी मागे टाकायला. वेणी टाकली, आणि हात काही परत दिला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, लिगामेंट अर्धं फाटलंय, सहा आठवडे खेळायचं नाही. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला तर तो सामना पाचव्या आठवड्यात येत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कमळचा फोन. "आरोहीला उद्यापासून सहाला पाठवा."

"अहो मॅडम, तिला पाय टेकवत नाही."

"खेळाया न्हाई बोलवत. बसाया बोलवते." मग ती म्हणाली, "तालमीत पैलवान दुखावला तर घरी झोपत न्हाई. हौद्याच्या कडंला येऊन बसतो. घरी गेला की त्याचं मन पण घरी जातं."

हौदा म्हणजे तालमीतला मातीचा आखाडा. इथे हौदा नव्हता, सिमेंटचं कोर्ट होतं आणि त्याच्या कडेला कँटीनमधली लाल प्लॅस्टिकची खुर्ची. आरोही रोज सकाळी त्या खुर्चीवर पाय लांब करून बसायला लागली. मी तिला सोडून गाडीतच थांबायचे. मला घरी जाऊन काय सुचणार होतं?

तिला नुसतं बसवलं नव्हतं. तिच्या जागी रेश्मा खेळणार होती, आणि रेश्माला तयार करायचं काम आरोहीला दिलं होतं. रेश्मा ताम्हिणीकडच्या डोंगरावरच्या एका धनगरवाड्यातली, हॉस्टेलवर राहणारी. शाळेत कबड्डी खेळलेली. पायांत भलती चपळाई, पण चेंडू हातात आला की मान खाली घालून सुटायची. आरोही खुर्चीवरून ओरडायची, "वर बघ रेश्मे, वर! चेंडू कुठं पळून जात नाही!" मग तिला जवळ बोलावून, हातवारे करून काही काही सांगायची. समोरची मुलगी कुठे वळणार ते खांद्यावरून कसं ओळखायचं. प्रियाला चेंडू छातीच्या उंचीवरच का द्यायचा. हे तिनं आठ वर्षं खेळून मिळवलेलं होतं, आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ती ते वाटून टाकत होती.

गाडीत मी म्हटलं, "सगळंच कशाला शिकवतेस तिला?"

"मग काय, अर्धं शिकवू?"

"आरू, तुझी जागा आहे ती."

"जागा मॅडमची आहे," ती म्हणाली आणि काच खाली केली. "त्या देतील तिला मिळते."

रेश्मा शिकली. उपांत्य सामना त्यांनी जिंकला. कॉलेजच्या पेजवर फोटो आला: रेश्मा चेंडू घेऊन हवेत, आणि मागे कोपऱ्यात खुर्चीवरची आरोही, तीही निम्मी कापलेली. तो फोटो मी किती वेळा मोठा करून बघितला ते सांगत नाही. संध्याकाळी माझे धाकटे दीर इंद्रजित चहाला आले. ते प्लॉटिंगचा धंदा करतात आणि यंदा निवडणुकीला उभं राहायचं म्हणतात. ते म्हणाले, "वहिनी, ती डोंगरावरची पोर लई भारी खेळतीया म्हणं. आपल्या आरूचं काय मग?"

मी गॅसकडे तोंड करून उभी होते, म्हणून बरं.

दुसऱ्याच दिवशी मी आरोहीला बावधनला एका फिजिओकडे नेलं. तो म्हणाला, "सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे. अगदी खेळायचंच असेल तर घट्ट पट्टी बांधून दहा मिनिटं जमेल. पण जबाबदारी तुमची." यातलं मधलं वाक्य तेवढं मी घेऊन आले. एरवी ती जिन्यावरून उतरली तरी मी "हळू, हळू" करणारी बाई. पण माझ्या डोळ्यांपुढे घोटा नव्हता, तो फोटो होता.

रविवारी दुपारी मी कमळच्या घरी गेले. पुढे ओटा, मागे दोन म्हशींचा गोठा. गोठ्यावरची निळी ताडपत्री फाटली होती आणि परतीच्या पावसाचं पाणी आत टपटपत होतं. कमळ टी-शर्ट आणि ट्रॅक पँटमध्ये, विळ्यानं चारा तोडत बसली होती. ओट्यावर खाटेवर नथू आण्णा. ऐंशीच्या पुढचे, पण मान अजून पैलवानाची.

"या, या. आरोहीच्या आई ना? अहो च्या टाका!" ती आत नवऱ्याला ओरडली. म्हणजे चहा सुनीलनं केला. हेही मी बघून ठेवलं.

बोलायला काहीतरी हवं म्हणून मी म्हटलं, "मी तुमच्याच कॉलेजला होते. दोन वर्षं पुढे. लायब्ररीच्या व्हरांड्यात बसायचो आम्ही."

तिनं विळा थांबवून माझ्याकडे नीट बघितलं. "व्हय? न्हाई बाई आठवत. तितं लई पोरी बसायच्या. हसायच्या."

मी चहाचा कप उचलला. मग मुद्द्यावर आले. फिजिओचं मधलं वाक्य सांगितलं. म्हटलं, संघाला तिनंच इथवर आणलंय, अंतिम सामन्यात दहा मिनिटं तरी तिला खेळवा.

कमळनं ट्रॅक पँट गुडघ्याच्या वर ओढली. गुडघा एका बाजूला सरकल्यासारखा दिसत होता, आणि त्याच्यावरची मांडी दुसऱ्या मांडीहून बारीक.

"विद्यापीठाच्या निवडीच्या टायमाला मुरगळला. तालमीतल्या लोकांनी तेल लावून चोळला, वढला, बांधला. आठव्या दिवशी खेळाया उभी केली. परत खेळलेच न्हाई." तिनं खाटेकडे मान वळवली. "माझा गुडघा आमच्या आण्णांनी खाल्ला."

"काय?" म्हातारा म्हणाला.

"म्हटलं, माझा गुडघा तुमी खाल्ला!"

"व्हय, खाल्ला," आण्णा म्हणाले. "मंग? चोळला तवा बरं वाटलं व्हतं का न्हाई?"

"वाटलं व्हतं."

"मंग," म्हणून त्यांनी बशीतला चहा ओढला. थोड्या वेळानं, कुणी विचारलं नसताना, ते माझ्याकडे बघून म्हणाले, "त्या सालापास्नं कुणाचंच हाड न्हाई चोळलं म्या."

कमळ परत चारा तोडायला लागली. "आरोही खेळणार न्हाई."

मला राग आवरला नाही. "तुमची मुलगी असती म्हणजे कळलं असतं तुम्हाला."

"माझी असती तर मी बी अशीच भांडाया गेले असते," ती म्हणाली. "आन् तितल्या मॅडमनी मला हाकलून दिलं असतं. प्या, च्या गार व्हतोय."

निघताना तिनं बाटलीभर दूध दिलं. "म्हशीचं हाय. हळद टाकून द्या तिला." घरी आरोही ते उभ्या उभ्या प्यायली आणि ओठावरची साय जिभेनं पुसली. पिशवीच्या दुधाचा तिला आजवर वास येत होता.

त्याच संध्याकाळी मी इंद्रजितभाऊजींना फोन केला. "भाऊजी, आरोहीच्या फायनलला शुभेच्छांचा फ्लेक्स लावायचा का?"

"लावू की! हे काय इचारणं झालं का वहिनी? कुटं लावायचा?"

"कॉलेजच्या गेटासमोर. फाट्यावर."

आमच्याकडे फ्लेक्स लागला म्हणजे शब्द दिल्यासारखा असतो. वाढदिवस असो, निवड असो, एकदा चौकात तोंड दिसलं की माणसाला मागे फिरता येत नाही, आणि त्याला कुणी मागे ठेवूही शकत नाही. सगळं गाव बघायला येणार म्हटल्यावर कमळ तिला बाकावर कशी बसवते, ते मला बघायचं होतं.

दोन दिवसांत फ्लेक्स लागला. 'मुळशीची वाघीण कु. आरोही हिला अंतिम सामन्यासाठी हार्दिक शुभेच्छा.' डावीकडे आरोही, उजवीकडे तेवढेच मोठे इंद्रजितभाऊजी, हात जोडून. खाली शुभेच्छुकांची रांग, त्यात गॉगल लावलेला भाऊजींचा तीन वर्षांचा मुलगासुद्धा. संघाचं नाव कुठेच नाही.

आरोही त्या दिवशी घरी आली ती दारातूनच ओरडत. "आई, हे कुणी केलं?"

"काकानं."

"काकाला फायनलची तारीख कुणी सांगितली? आणि मी खेळणार नाही, हे नाही सांगितलं?"

मी फडक्यानं ओटा पुसत राहिले.

"रेश्मानं फ्लेक्सचा फोटो काढून मला पाठवला. खाली लिहिलंय, 'भारी दिसतेस.' तिला काय वाटलं असेल?"

"तिला काय वाटतं त्याच्याशी मला काय करायचंय?"

"मला काय वाटतं, त्याच्याशी?" ती म्हणाली आणि लंगडत वर गेली. पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, "मॅडम काय म्हणाल्या फ्लेक्सबद्दल?"

"फोटो चांगला आलाय म्हणाल्या." मग नाइलाजानं तिला हसू आलं. "आणि कापड जाड आहे म्हणाल्या."

अंतिम सामना पुण्यात एका कॉलेजच्या छताखालच्या कोर्टावर होता. सूसहून दोन टेंपो भरून माणसं आली. हलगी आली. भाऊजींनी फटाक्यांची माळ आणली होती, ती दारावरच्या शिपायानं काढून घेतली. आरोही संघाचा शर्ट घालून, घोट्याला पट्टी बांधून बाकावर सगळ्यात शेवटी बसली होती. आमची माणसं हलगीच्या तालावर "आ-रो-ही! आ-रो-ही!" करायला लागली. कमळनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

रेश्मा सुरुवातीला बावचळली. चेंडू सुटला की आमच्या बाजूनं आरडाओरडा व्हायचा, "आरूला घ्या! आरूला घ्या!" ती रडते की काय असं वाटलं. मला त्याचं वाईट वाटलं, असं मी लिहिणार नाही. पण मध्यंतरानंतर आरोही बाकाच्या टोकाला सरकून तिच्याशी सारखी बोलायला लागली, आणि तिच्या हातात खेळ आला. मान वर, खांद्यांवर लक्ष, प्रियाला चेंडू छातीच्या उंचीवर. मला एकेक गोष्ट ओळखू येत होती. कोर्टावर माझीच मुलगी खेळत होती, फक्त दुसऱ्या कुणाच्या पायांनी.

नडली ती कबड्डी. समोरची निसटायला लागली की रेश्माचा हात आपोआप पकडायला जायचा. शेवटची काही मिनिटं राहिली असताना, गुण जवळजवळ सारखे असताना, तिचा पाचवा फाउल झाला. पाच फाउल म्हणजे बाहेर. हलगी थांबली. मग एकदम सगळे उठून ओरडायला लागले. आरोहीच्या नावानं छत दणाणलं. मला जे हवं होतं ते अगदी तसंच समोर आलं होतं.

आरोही उठून उभी राहिली. आणि मी बघितलं, ती सगळा भार डाव्या पायावर देऊन उभी होती. उजवं पाऊल जमिनीला नुसतं टेकवलेलं, गरम तव्याला बोट लावून बघावं तसं. तो पाय इतके दिवस मी बघितलाच नव्हता. मी जागेवरून मान हलवायला लागले, नको, नको. हात हलवला. भाऊजींना वाटलं मी टाळ्या वाजवतेय, ते आणखी जोरात ओरडले.

कमळ जवळ जाऊन तिला काहीतरी विचारत होती. आरोहीनं तिच्याकडे बघितलं. मग बाहेर येणाऱ्या रेश्माकडे बघितलं. मग मान हलवली आणि प्रियाकडे बोट केलं. माझ्याकडे तिनं बघितलंच नाही.

बोटाला चिकटपट्टी लावलेल्या प्रियानं चेंडू पुढे नेला. एका बास्केटनं त्या हरल्या. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. आरोहीही रडली, एका बाजूला रेश्मा, दुसऱ्या बाजूला कमळ. तिथे तिसरी बाजू नव्हती. भाऊजी म्हणाले, "वहिनी, माळ परत मागून लावू का, आणलीच हाय तर?" मी म्हटलं, "नको."

गाडीत मी तिला विचारलं, "काय म्हणत होत्या मॅडम?"

"खेळतेस का, असं विचारलं."

"आणि तू?"

"पाय तयार नाही म्हटलं. प्रियाला घ्या."

"हो म्हणाली असतीस तर?"

"तर नाही घेतलं असतं त्यांनी," ती म्हणाली. "पण विचारलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं म्हणे."

चांदणी चौकाजवळ ती म्हणाली, "तुलाही नव्हतं ना विचारलं? आजी म्हणाली एकदा. चष्म्याचं." मी म्हटलं, "समोर ट्रक आहे, बोलू नकोस."

आठवडाभरानं फ्लेक्स फाट्यावरून गायब झाला. भाऊजी चवताळले. "चोरला! इरोधकांनी चोरला, वहिनी!" तीन-चार ग्रुपवर त्यांनी निषेध टाकला.

काल रविवारी कमळनं सगळ्या संघाला घरी जेवायला बोलावलं होतं. संध्याकाळी मी आरोहीला आणायला गेले. ती मागे गोठ्यात होती, रेश्मा आणि ती म्हशीला चारा घालत होत्या. मी वर बघितलं. फाटक्या ताडपत्रीच्या जागी फ्लेक्स ताणून बांधला होता, चित्राची बाजू आत. आरोही वरून दोन्ही म्हशींकडे बघून हसत होती. इंद्रजितभाऊजींचे जोडलेले हात तेवढे वाशाच्या मागे गेले होते.

"पोरींनीच काढून आणला," कमळ म्हणाली. "कापड जाड हाय. एक टिपूस गळत न्हाई."

माझ्या घरी हॉलमध्येसुद्धा आरोहीचा एवढा मोठा फोटो नाही. मी म्हटलं, "चित्र वरच्या बाजूला करायचं होतं."

"वर केलं असतं तर उन्हानं उडालं असतं," ती म्हणाली. "हितं राहील."

आरोहीला डॉक्टरांनी पळायची परवानगी दिली आहे. उद्या सहाला तिला सोडायचं आहे. आज हरभरे तिच्याआधी मीच भिजवले, ती भिजवते त्यापेक्षा मूठभर जास्त.